अर्ध्या तासाच्या अलीकडे

शाळेने तिला काढलं नाही, बस काढली. दोन शाळांची मिळून एक झाली, मुलं चालत जाऊ लागली, आणि चौदा वर्षं सकाळ-दुपार बस चालवत तीच ती वळणं घेणाऱ्या तिला मुख्याध्यापकांनी फुलांचा गुच्छ देऊन, दोन शब्द बोलून मोकळं केलं. गुच्छ घेऊन ती घरी आली, तो बादलीत ठेवला आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी ट्रक चालवीन म्हणते."

नवऱ्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या आणि समोरच्या कापडात खोचल्या. "कुठला ट्रक?"

"मालवाहतुकीच्या कंपनीत माणसं घेतायत. फाटकावर पाटी लागलीये."

"लांब जावं लागेल."

"जाईन."

हा शिंपी एका गाजलेल्या ट्रक ड्रायव्हरचा एकुलता एक मुलगा, आणि त्याला गाडी लागायची. गावातल्या गावात बसने जायचं तरी खिशात पिशवी लागे. बापाचा धंदा त्याच्या पोटाने लहानपणीच नाकारला होता. तोच धंदा आता बायको मागत होती, तर तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार.

आतल्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून सासरे बसलेले असत. गुडघे गेल्यापासून खिडकीखालचा रस्ता हीच त्यांची करमणूक होती. तरुणपणी रस्त्यावरची मंडळी त्यांना 'बिनब्रेक' म्हणायची, कारण निघाले की मुक्काम येईपर्यंत ते थांबत नसत. कान मात्र अजून शाबूत होते.

"सूनबाई," त्यांनी आतूनच आवाज दिला, "ट्रक म्हणजे पोरांची बस नव्हे. पोरं बसतात. माल बसत नाही, माल ढकलतो."

"मग शिकेन, मामंजी."

"शिकशील कुणाकडून?"



कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीने तिला आधी हिशेबनिसाच्या जागेचा अर्ज दिला. मग 'मिस्टर बाहेर थांबलेत का' असं विचारलं. मिस्टर घरी पँटला काज करतायत, असं सांगून तिने ड्रायव्हरचा अर्ज मागून घेतला. जड वाहनाचा परवाना होता, डोळे तपासलेले होते, अपघात एकही नव्हता. ट्रेलरचं शिक्षण कंपनी देणार होती, फक्त माणसाला ते जमेल का, एवढं आधी बघायचं होतं.

बघणारा माणूस म्हणजे एक हडकुळा, कमी बोलणारा परीक्षक. त्याने यार्डात प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडले, तिला लांबलचक ट्रेलरच्या कॅबिनमध्ये चढवलं आणि म्हणाला, "त्या दोन शंकूंच्या मधे मागे घ्या."

पुढे तिने सुरेख चालवून दाखवलं. मागे घेताना मात्र सगळं उलटलं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर ट्रेलरची शेपूट उजवीकडे पळाली. ती सावरायला गेली, तर कॅबिन आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटत आले. एक शंकू चाकाखाली सपाट झाला. परीक्षक खाली उतरला, त्याने तो चपटा शंकू उचलला, झटकला आणि बगलेत धरला.

"झालं," तो म्हणाला.

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे आज झालं."

"मग परत कधी येऊ?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. नापास झालेली माणसं सहसा कारण सांगत: आरसा नीट नव्हता, ऊन डोळ्यांवर होतं. हिने तारीख मागितली. "पुढच्या सोमवारी या," तो म्हणाला. "शंकू मी आणतो."

ती घरी आली ती चेहरा पाडूनच. सासऱ्यांनी काहीएक न विचारता चष्म्यावरून पाहिलं आणि मुलाला हाक मारली. "बटणांची दोन रिकामी खोकी आण. लांबट बघून आण. आणि एक मोठी सेफ्टी पिन."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन खोकी पिनेने एकामागे एक जोडली गेली. शिंप्याने खडूने टेबलावर दोन रेघा मारून दिल्या. त्याचा हात सरळ रेघेला बसलेला, तेव्हा रेघा झकास आल्या. सासऱ्यांनी पातेल्याचं झाकण तिच्या हातात दिलं.

"हे स्टिअरिंग. कसं धरलंस?"

"असं, वरून."

"तिथेच चुकतंय. वरून धरलं की डोकं उलटं चालवावं लागतं, आणि डोक्याला ते जमत नाही. खालून धर. आता शेपूट जिकडे न्यायची, तिकडे हात ने. डावीकडे न्यायचीय, हात डावीकडे. झालं. आणि थोडं फिरव. फिरवून थांब. शेपटीला कळायला जरा वेळ लागतो."

"यांच्यासारखं," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"त्याच्याहून लवकर कळतं," म्हातारा म्हणाला, आणि शिंपी हसत हसत मशीनवर परत गेला.

आठवडाभर हेच चाललं. जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि खोकी बाहेर काढायची. सासरे खुर्चीत पुढे सरकून बसत, तिचं मनगट बोटाने टोचत, 'जास्त फिरवलंस', 'उशीर केलास', 'आता सोड' म्हणत. इतकं बोलताना तिने त्यांना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. सोमवारी तिने ट्रेलर दोन शंकूंच्या मधे घातला, एकदा थांबून, खाली उतरून मागे बघून आली, पुन्हा चढली आणि उरलेला घातला. उतरून बघणं हा कमीपणा तर नाही ना, असं तिला क्षणभर वाटलं होतं. परीक्षकाने नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. "उतरून पाहिलंत म्हणून घेतोय," तो म्हणाला. "न बघता घालणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

नोकरी लागली ती सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. आधी शिक्षण, मग दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर फेऱ्या, आणि मग एकटीने. शिकवायला तोच परीक्षक होता. तासांच्या नियमांचा धडा त्याने कागदाशिवाय घेतला. साडेचार तास चाक हातात, की पाऊण तास विश्रांती. दिवसभरात चाकाचे तास नऊ. नऊ भरले की गाडी जिथे सुरक्षित उभी राहील तिथे उभी करायची, आणि अकरा तास तिला हात लावायचा नाही.

"हे पाठ करू नका, पटवून घ्या," तो म्हणाला. "आपण थकलोय हे ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी कळतं. शेजारून जाणाऱ्याला आधी कळतं, पण तो बिचारा सांगणार कसा?"

कॅबिनमध्ये काचेखाली एक छोटं यंत्र होतं. ड्रायव्हरने आपलं कार्ड त्यात सरकवलं की कधी निघालात, कधी थांबलात, किती चालवलंत, सगळं त्यात नोंदलं जाई. ड्रायव्हर मंडळी त्या यंत्राला 'सासू' म्हणायची. कार्ड घालणं म्हणजे सासूच्या पाया पडणं. "माझी खरी सासू फार गरीब होती हो," तिने एकदा सांगितलं, "तिची कसर ही काढणार असं दिसतंय." तेव्हापासून यार्डात सगळे तिला 'वहिनी' म्हणू लागले.

घरी मात्र नियम ऐकून सासरे खो खो हसले. "नऊ तास? नऊ तासांत माझी कंबर मोकळी व्हायची. झोप आलीय हे माणसाला यंत्राने सांगायचं? उद्या जांभई द्यायलाही परवाना लागेल."

"लागला तर काढू, मामंजी," ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

सुरुवातीच्या फेऱ्या तिने पैलवानाबरोबर केल्या. पैलवान म्हणजे कंपनीतला सगळ्यात बारीक ड्रायव्हर. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून हे नाव. त्याच्याकडून ती दोर कसे आवळायचे, उतारावर गाडी कशी धरायची, कुठल्या थांब्यावर न्हाणीघर स्वच्छ असतं, हे सगळं शिकली. तासांचा विषय निघाला की तो मात्र खिडकीबाहेर बघायचा. "भरतात कधीकधी," एवढंच म्हणायचा.

तास भरू नयेत असं गाड्यांचं वेळापत्रक लावणं ज्याचं काम, तो ऑफिसातल्या काचेच्या खोलीत दोन फोन घेऊन बसलेला असे. त्याचं प्रत्येक वाक्य 'चला चला' ने सुरू व्हायचं, म्हणून त्याचं नाव चलाचला. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या वेळापत्रकात रस्ते कायम रिकामे असत आणि माल कायम तयार असे. असा एक दिवस आजवर कुणी पाहिला नव्हता.

एकटीने नेलेल्या पहिल्या लांबच्या फेरीत तिच्या गाडीत काचा होत्या. एका नव्या वाचनालयाच्या दर्शनी भागाच्या, माणसापेक्षा उंच, तिरप्या चौकटींवर उभ्या बांधलेल्या. तिकडे क्रेन संध्याकाळपर्यंत थांबणार होती. कागदावर सगळं बसत होतं; चांगला तासभर हाताशी राहत होता.

सकाळ छान गेली. पहिल्या विश्रांतीनंतर मात्र पुढे कुठेतरी टँकर आडवा झाला आणि रस्ता गोगलगायीचा झाला. गाडी दहा पावलं पुढे जाई, थांबे, पुन्हा दहा पावलं. चाक हलतंय म्हणजे चालवणंच ते. सासूच्या लेखी मोकळा रस्ता आणि तुंबलेला रस्ता सारखाच. काचा मागे बारीक किणकिणत होत्या. दुपारी रांग सुटली तेव्हा तिने मनाशी गणित केलं, पुन्हा केलं, आणि दुसऱ्या विश्रांतीला गाडी लावून फोन केला.

"मी आज पोहोचणार नाही," तिने चलाचलाला सांगितलं. "अर्धा तास कमी पडतोय. पैलवान याच रस्त्याने रिकामा परत येतोय ना? त्याचे तास शिल्लक असतील. त्याला पुढच्या थांब्यावर पाठवा, तो गाडी नेईल, मी त्याची सकाळी घेऊन येईन."

"चला चला, वहिनी, एवढं काय. रस्ता सुटलाय ना आता? भरून निघेल."

"नाही निघणार. मी दोनदा गणित केलंय."

"बघतो मी. तुम्ही निघा."

ती निघाली. पैलवान आला नाही. नंतर कळलं की त्याला कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळचं ऊन कलायला लागलं तेव्हा उजव्या हाताला लांब त्या गावाच्या इमारती दिसू लागल्या. त्यांच्यावर उभा असलेला क्रेनचा पिवळा हातसुद्धा दिसला. ट्रकसाठी राखलेली मोठी मोकळी जागा अलीकडेच होती. त्यानंतर थेट गाव. यंत्राने टुणटुण करून शेवटची सूचना दिली. तिने वळणाचा दिवा लावला आणि गाडी बाजूला घेतली.

इंजिन बंद करायच्या आत फोन वाजला. चलाचलाच्या पडद्यावर गाडी थांबलेली दिसली होती.

"चला चला, वहिनी, थांबलात का? क्रेनवाला माझ्या नावाने शंख करतोय."

"तास भरले."

"अहो, समोर दिसतंय ना गाव?"

"दिसतंय. क्रेनही दिसतेय."

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आला. "तुमच्या सीटमागच्या खणात बघा. एक कार्ड असेल. आपल्याकडे पूर्वी एक होता, सोडून गेला, त्याचं आहे. तुमचं काढा, ते घाला. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. सगळे करतात."

तिने फोन ठेवला आणि खण उघडला. हातमोजे, चिंध्या, टॉर्च, आणि खाली खरंच एक कार्ड. त्यावर एका तरण्या पोराचा फोटो; कान पुढे आलेले, फोटो काढताना हसू दाबलेलं. तिने ते हातात धरलं. तिला अजिबात थकल्यासारखं वाटत नव्हतं, हीच पंचाईत होती. हात स्थिर होते, डोळे उघडे होते, गाव तिथे समोर होतं. उमेदवारीचा चौथा महिना चालू होता. न गेल्याने काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. गेल्याने काय होईल? बहुतेक काहीच नाही. काचा उतरतील, सगळे खूश होतील, आणि पुढच्या वेळी चलाचला 'बघतो' सुद्धा म्हणणार नाही, सरळ खणच दाखवील.

एवढ्यात घरून फोन आला. रोज या वेळेला नवरा फोन करायचा. तिने थोडक्यात सांगितलं. तो काही बोलायच्या आत फोन सासऱ्यांनी हिसकावून घेतल्याचं तिला ऐकू आलं.

"सूनबाई, वेडी आहेस का? दारात येऊन कुणी माल अडकवून ठेवतं? कार्ड घाल आणि जा. अर्धा तास म्हणजे काय, नुसती कूस बदलण्याएवढा वेळ."

"मामंजी, दुसऱ्याच्या नावाने चालवायची?"

"नावाला कोण विचारतो? माल पोहोचला का, एवढंच विचारतात."

"माझ्या हातून काही झालं, तर ते त्या पोराच्या नावावर. आणि झालं नाही, तरी उद्या पुन्हा घालावं लागणार." तिला त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि दुखवल्यावाचून पुढे सांगताही येत नव्हतं. "मागे घ्यायचं मी तुमच्याकडून शिकले. ते कुणी माझ्याकडून काढून घेणार नाही. हे मात्र मला नाही शिकायचं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

तिने कार्ड हातरुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकलं आणि वाचनालयाच्या बांधकामावरच्या मुकादमाला स्वतःच फोन लावला. कुणीतरी त्याला सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मुकादमाने आधी मनसोक्त तोंडसुख घेतलं. तिने ते घेऊ दिलं. शेवटी तो दमला.

"बरं, मग आता पाच मिनिटांत येते असं सांगू नका. आजवर मी हजार वेळा ऐकलंय ते. खरं सांगा, किती वाजता याल?"

"सकाळी सात."

"सात म्हणजे?"

"सात म्हणजे सात. क्रेन त्या वेळेला बोलवा. आधीही येणार नाही, नंतरही नाही."

"हं," मुकादम म्हणाला. "बघू."

ती तोंड धुवायला खाली उतरली. नळाखाली ओंजळी भरभरून पाणी मारल्यावर तिच्या लक्षात आलं की गाडी चालवताना लावायचा चष्मा डोळ्यांवरच आहे. तिथे एकटीच उभी राहून ती हसली; मग हसणं ओसरलं आणि कट्ट्यावर बसावं लागलं. बराच वेळ उठवलं नाही. ज्या बाईला थकवा जाणवत नव्हता, ती ही अशी चष्म्यासकट तोंड धुऊन बसली होती.

सकाळी सातला ती वाचनालयाच्या फाटकावर होती. क्रेनवाला घुम्यासारखा बसला होता. काचा एकही न तडकता उतरल्या. मुकादमाने सही करून पावती दिली, घड्याळात पाहिलं आणि आत गेला.

परत आली तर कंपनीतल्या फलकावर तिच्या नावापुढे 'यार्ड' लिहिलेलं होतं. म्हणजे आता फेऱ्या बंद. दिवसभर आवारातल्या आवारात ट्रेलर इकडचे तिकडे लावायचे, भरलेले माल उतरवायच्या धक्क्याला, रिकामे भिंतीला. नवखी किंवा निवृत्तीला आलेली माणसं हे काम करत. चलाचला काचेआडून तिच्याकडे बघायचं टाळत होता.

तिसऱ्या दिवशी ती मालकांच्या खोलीत गेली. मालक बुटके, सतत खोकणारे, एके काळी स्वतः ट्रक चालवलेले. तिने हातरुमाल उलगडून कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे माझ्या गाडीत होतं. माझं नाही."

त्यांनी ते उचलून पाहिलंही नाही. त्यावरूनच तिला कळलं, त्यांना हे ठाऊक होतं. "तुम्हाला हे कुणी घालायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"ज्यांनी सांगितलं, त्यांना विचारा. मी चुगली करायला आले नाही. कार्ड द्यायला आले, आणि एक विचारायला."

"काय?"

"मला लांबच्या फेऱ्या परत कधी मिळतील?"

मालक खोकले. "बाई, ग्राहक दुखावला. क्रेन एक दिवस जास्त थांबली. आणि वर तुम्ही मलाच विचारताय?"

"मी दुपारीच सांगितलं होतं, माणूस पाठवा म्हणून. रिकामा माणूस त्याच रस्त्यावर होता. मला अजून वीस वर्षं गाडी चालवायचीय, साहेब. म्हणून विचारते."

"उमेदवारी संपेपर्यंत यार्ड. मग बघू."

"चालेल. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी येईन. हाच प्रश्न घेऊन."

घरी सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. यार्डात टाकल्याचं कळलं तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाले, "सांगत होतो." त्या रात्री नवऱ्याने तिच्या कोटाचं उसवलेलं अस्तर शिवून दिलं आणि दोरा दाताने तोडत म्हणाला, "मला तर तू थांबलीस तेच बरं वाटलं. पण माझं कोण ऐकतंय, मला तर झोपाळासुद्धा लागतो."

यार्डात ती झुरत बसली नाही. ट्रेलर मागे लावायचे तर लावायचे. चिंचोळ्या जागेत, आंधळ्या बाजूने, एकमेकांना खेटून उभ्या गाड्यांच्या मधून. परीक्षक कधीतरी येऊन लांब उभा राहायचा, बघायचा, जायचा. महिनाभरात अशी वेळ आली की अवघड धक्क्यावर गाडी लावायची असली की जुने ड्रायव्हर उतरायचे आणि म्हणायचे, "वहिनी, एवढी घाला." ती चढायची, घालायची, मध्येच उतरून बघून यायची, आणि चावी परत द्यायची.

आणि त्याच सुमाराला एका दुपारी पैलवानाने रस्त्यावरून फोन केला. चलाचलाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि फोनचा आवाज मोठा, त्यामुळे धक्क्यावर उभ्या सगळ्यांनी ऐकलं.

"माझं भरलं," पैलवान म्हणाला. "थांबलोय."

"चला चला, खणात बघ—"

"खण बघितला. रिकामा केला. आल्यावर मला वहिनीबरोबर यार्डात लावा."

त्या आठवड्यात आणखी दोघे थांबले. कुणी सभा घेतली नव्हती की शपथ. पैलवानाला नंतर तिने विचारलं तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, "इतकी वर्षं वाटायचं, थांबलो तर आभाळ कोसळेल. तुझ्यावर कोसळलं ते एवढंच, यार्ड. यार्डात तर संध्याकाळी घरी जाता येतं." चौघाजणांना यार्डात घातलं तर गाड्या कोण नेणार, हा हिशेब चलाचलालाही कळत होता. मालकांनी त्याला खोलीत बोलावलं. दार बंद होतं. आत काय झालं ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्यांचे खण तपासून रिकामे केले गेले, आणि ते काम खुद्द चलाचला करत होता, बाह्या वर करून.

एका सुट्टीच्या दिवशी शिंपी बापाला रिक्षात घालून यार्डात घेऊन आला. स्वतः बाहेर डोकं काढून हिरवापिवळा झालेला. सासऱ्यांनीच हट्ट धरला होता म्हणे, काय करते ते बघायचंय. तिने दोघा ड्रायव्हरांच्या मदतीने त्यांना कॅबिनमध्ये चढवलं. गुडघे करकरले, पण सीटवर बसल्यावर म्हातारा ताठ झाला. तिने ट्रेलर कोपऱ्यातल्या धक्क्याला लावून दाखवला. हात चाकाच्या खालच्या बाजूला, थोडं फिरवून थांबत.

ते यंत्राकडे बोट करून म्हणाले, "हीच का ती सासू?"

"हीच."

त्यांनी वाकून तिचा छोटा पडदा वाचला. बराच वेळ वाचत राहिले. मग समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. तिथे त्यांचा मुलगा भिंतीला टेकून, डोळे मिटून, पोट सावरत उभा होता.

"माझ्या वेळी ही असती ना," ते म्हणाले, "तर मी कमी कमावलं असतं." मुलाकडे बघतच म्हणाले, "पण त्याने मला जागं पाहिलं असतं. घरी यायचो तो झोपायला. लहान असताना हळूच येऊन माझ्या पापण्या उघडून बघायचा."

"उतरायचं का, मामंजी?" तिने विचारलं.

"थांब जरा. अजून एकदा घाल. या खेपेला डावीकडचा."

तिने तो घातला.

उमेदवारी संपली त्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे मालकांच्या दारात गेली. तिला प्रश्न विचारावा लागला नाही. टेबलावर वाचनालयाच्या मुकादमाचा निरोप होता: दुसऱ्या मजल्याच्या काचा आणायच्या आहेत, आणि वेळ सांगून त्या वेळेला येते ती बाई पाठवा. मालक हे वाचून दाखवताना फारसे आनंदी दिसत नव्हते, पण त्यांनी ते वाचून दाखवलं.

"क्रेनवाला कुरकुर करेल," ते म्हणाले.

"करू दे. आम्ही एकमेकांना ओळखतो."

पहाट व्हायच्या सुमाराला ती यार्डात आली. काचा बांधून तयार होत्या. तिने दोर एकेक करून हाताने ओढून पाहिले, चाकं पाहिली, वर चढली आणि आपलं कार्ड यंत्रात सरकवलं. काचेच्या खोलीतून चलाचला बाहेर आला. हातात तिचा कागद होता, पण तो त्याने लगेच दिला नाही. कॅबिनखाली उभा राहून, मान वर करून, घसा साफ करत त्याने विचारलं, "वहिनी, रस्त्यात पुलाचं काम निघालंय. नऊ तासांत बसेल का तुमचं? नाही तर मधे माणूस ठेवतो."

तिने कागद घेतला, वाचला, मनाशी गणित केलं. घाई केली नाही. मग पुन्हा केलं.

"ठेवा," ती म्हणाली. "गावाच्या अलीकडच्या जागेवर. तिथे नळाला पाणी चांगलं येतं."

आणि तिने गाडी फाटकाबाहेर काढली.